पळसतांड्याची चोविसावी सभा

श्रावणनं पोरीला वायरीनं मारलं, हे पळसतांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. फोन कोणी केला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सकाळपासून नेमसिंग नायकाच्या घरात चौकशी चालली होती ती फक्त त्याचीच.

बबिता गोठ्याच्या भिंतीला टेकून, पदर नाकापर्यंत ओढून ही चौकशी मन लावून ऐकत होती. फोन तिनंच केला होता.

परवा ढाणकीच्या बाजारात, औषधाच्या दुकानात, दुकानदाराचा मोबाईल मागून तिनं लेकरांच्या मदतीचा नंबर, दहा-नऊ-आठ, फिरवला. पलीकडच्या बाईनं गावाचं नाव विचारलं, लेकराचं वय विचारलं, वळ कुठं कुठं आहेत ते विचारलं. मग अगदी पुस्तकातल्यासारखं म्हणाली, "ताई, तुमच्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती असेल ना? तिच्या सचिवांना कळवलं का?"

बबितानं थोडा विचार केला.

"तिले माहीत हाय," ती म्हणाली.

कारण सचिव तीच होती. अंगणवाडी सेविका असल्यामुळं हे पद आपोआप गळ्यात पडलं होतं. अध्यक्ष सरपंच, म्हणजे तिचा सासरा नेमसिंग, जो तांड्याचा नायकही होता. ज्या दिवशी समितीची नावं पाठवायची होती त्या दिवशी सारा तांडा सोयाबीन काढायला गेला होता आणि ग्रामसेवकाला संध्याकाळच्या आत यादी हवी होती. तेव्हा घरात जे जे सापडलं ते ते सदस्य झालं. बचत गटाची प्रतिनिधी म्हणून सासू रुपीबाई. युवकांचा प्रतिनिधी म्हणून बबिताचा नवरा डोंगरसिंग. बालप्रतिनिधी म्हणून बारा वर्षांची पुतणी अंजू. आणि पालकांचा प्रतिनिधी म्हणून अंजूचा बाप, श्रावण.

या समितीच्या वहीत तेवीस सभा नोंदलेल्या होत्या. प्रत्येक सभेत 'गावात एकही अत्याचारग्रस्त बालक नाही' असा ठराव एकमतानं झाला होता आणि चहापानानंतर सभा संपली होती. तेवीसच्या तेवीस सभा बबितानं गॅसवर कुकर चढवून शिट्ट्यांच्या मधल्या वेळात लिहिल्या होत्या. त्याबद्दल तालुक्यानं समितीला 'आदर्श' ठरवून प्रशस्तिपत्र दिलं. ते काचेत बसवून नायकाच्या ओसरीत टांगलं होतं. त्याच खिळ्याला मोटरच्या वायरीचा हातभर तुकडा लटकत असे. दुसरा खिळा ठोकायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"शाळेतल्या मास्तरचं काम हाय हे," श्रावण ओसरीत येरझाऱ्या घालत म्हणाला. "नाहीतं पुष्पाचं. तिनंच पुसदून लावला असंन."

पुष्पा त्याची बायको, अंजूची याडी, म्हणजे आई. दोन वर्षांपूर्वी ती माहेरी गेली ती गेलीच. घरच्यांनी तेव्हा 'तिचा सोभाव तापट हाय' असं कारण जाहीर केलं. अंजूला तिनं नेलं नाही, कारण लेकरू तांड्याचं असतं, असा निकाल नायकानं दिला होता.

"फोन कोणाचा बी असो," नेमसिंग बाजेवरून म्हणाला, "सायबीण येऊन राह्यली. चहा ठेवा."

साहेबीण आली ती पांढऱ्या जीपमधून. यवतमाळच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातली संरक्षण अधिकारी, नाव मैत्रेयी, वय असेल अठ्ठावीस. तिनं चहा नाकारला, बाज नाकारली आणि आधी अंजूला घेऊन समोरच्या अंगणवाडीत तासभर बसली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"पोरगी म्हणते, पायऱ्यांवरून पडली," तिनं सांगितलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"तांड्यात पायऱ्या कुठं आहेत?"

सगळ्यांनी तांड्याकडं पाहिलं. घरकुलं होती, कुडाची घरं होती, एक समाजमंदिर होतं. चढायला उंबरठ्यापलीकडं काही नव्हतं.

"मला गावच्या समितीची तातडीची सभा घ्यायची आहे," मैत्रेयी म्हणाली. "सदस्यांना बोलवा."

कोणी हललं नाही.

"बोलवा ना."

"आले," नेमसिंग म्हणाला.

मैत्रेयीनं यादी काढली. एकेक नाव वाचत गेली आणि एकेक माणूस तिथंच हात वर करत गेला. पालक प्रतिनिधीच्या नावाला श्रावणनं हात वर केला तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"आणि बालप्रतिनिधी?"

"थे पोट्टी."

"कोणती?"

"जिच्यासाठी तुमी आल्या ना," डोंगरसिंग आदबीनं म्हणाला, "थेच."

मैत्रेयीनं दोन मिनिटं पाणी पिण्यात घालवली. तेवढ्यात डोंगरसिंगानं बबिताला खुणेनं गोठ्यामागं बोलावलं.

"लिहून टाक, पडली म्हणून," तो कुजबुजला. "तेवीस वेळा लिहिलं, चोविसाव्यांदा काय हात झडून राह्यला तुहा?"

"अन् उद्या तिले पुन्हा पडलं त?"

"बबे, सख्खा भाऊ हाय माहा. जेलात धाडतं का त्याले? अन् वही खोटी निघाली त तुही नोकरी जाईन. मंग?"

 बबिताला नोकरीची भीती होती. पण कालपासून दुसरंच एक गणित तिच्या डोक्यात फिरत होतं. ती या घरात आली तेव्हा ती वायर बैलांसाठी होती. बैल विकले, मग ती पुष्पासाठी झाली. पुष्पा गेली, मग अंजूसाठी. घरातलं माणूस कमी होत होतं, पण वायर कधी रिकामी बसली नव्हती. अंजू आज रात्री याच ओसरीत निजणार की नाही, एवढंच आता ठरायचं होतं, आणि ते वहीतल्या एका ओळीवर ठरणार होतं.

सभा सुरू झाली. मैत्रेयीनं अंजूला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. बापासमोर लेकराला उभं करायचं नसतं, असं तिनं बजावलं. अंजू समोरच्या अंगणवाडीच्या ओट्यावर मदतनीस तानाबाईजवळ बसली होती.

नेमसिंगानं घसा साफ केला. चाळीस वर्षं त्यानं तांड्याची नसाब चालवली होती. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तिथं नायक बोलला की विषय मिटतो. "सायबीण, घरातली गोष्ट हाय. बापाचा हात जरा जास्त सुटला, मान्य. मी नायक म्हणून निकाल देतो. श्रावणले एक बोकड दंड."

"काका, यात बोकडाचा काय गुन्हा?" मैत्रेयीनं विचारलं.

नायकाला चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.  तो विचार करू लागला.

"मी निकाल द्यायला आलेली नाही," मैत्रेयी म्हणाली. "तोही माझ्या हातात नाही, यवतमाळच्या बाल कल्याण समितीच्या हातात आहे. मला फक्त खरं काय ते लिहून न्यायचं आहे. सचिव, तुम्ही सांगा. अध्यक्षांसमोर सांगा."

आणि इथं सभा अडली.

बबिता नऊ वर्षं या घरात होती आणि नऊ वर्षांत ती सासऱ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. भांडण नव्हतं. सून सासऱ्याशी, थोरल्या दिराशी थेट बोलत नाही, एवढंच. काही सांगायचं झालं तर मध्ये कोणीतरी लागतं. सासरा तीन हातांवर बसलेला असला, त्याला सगळं ऐकू गेलं असलं, तरी मधल्यानं ते पुन्हा म्हणेपर्यंत त्यानं ऐकलेलं नसतं. हा मधला माणूस गेली सहा वर्षं अंजू होती. आजोबाला ती दादा म्हणे. 'दादाले सांग, जेवण झालं.' 'काकीले सांग, मीठ कमी हाय.' ती शाळेत गेली की रांजणाला सांगायचं, नाहीतर शेळीला. एकदा मीटर वाचायला आलेल्या माणसाला मध्ये उभं करून दोघांनी आठवड्याचा बाजार ठरवला होता. मीटर न वाचताच गेला बिचारा.

थोडक्यात, तालुक्यातल्या या आदर्श समितीचे अध्यक्ष आणि सचिव यांची आजवर बोलचालच नव्हती.

"सांगा ना, ताई," मैत्रेयी म्हणाली.

बबितानं पदराआडून कोपऱ्यातल्या रांजणाकडं पाहिलं. "रांजणा," ती म्हणाली, "मामंजीले सांग…"

रांजणानं तोंड उघडलं नाही.

"तुम्ही माझ्याकडं बघून सांगा. नाहीतर लिहून द्या."

"तुमाले सांगू शकतो जी. पण अध्यक्षासमोर म्हन्ता ना. थे ऐकत नाही तसे."

"ऐकत आहेत की!"

"ऐकून राह्यले. पण ऐकलं नाही अजून."

नेमसिंगानं गंभीरपणे मान डोलावली. अगदी खरं होतं ते.

बबितानं पुन्हा तोंड उघडलं, आणि नऊ वर्षांची सवय घशातून आपोआप बाहेर आली. "अंजू, तुह्या दादाले सांग…"

हाक काही मोठी नव्हती. पण अंगण ओलांडून अंजू आली. तानाबाई मागून "अवं थांब, थांब" करत राहिली. अंजू आली आणि रोजच्या जागी, दोघांच्या बरोबर मध्ये, हात मागं बांधून उभी राहिली. फ्रॉकच्या हाफ बाहीखालून दंडावर दोन-दोन रेघा समांतर गेल्या होत्या, आगगाडीच्या रुळासारख्या.

मैत्रेयी ताडकन उठली. "अंजू, तू इथं नसलीस तरी चालेल, बेटा. तुला काही बोलायची गरज नाही."

"माहं काम हाय थे," अंजू म्हणाली. "काय सांगू, काकी?"

बबिताला क्षणभर वाटलं, आपण हिला परत पाठवावं. या पोरीच्या तोंडात तिचाच मार कसा घालायचा? मग तिला सुचलं की आधी सांगायची गोष्ट दुसरीच आहे.

"तुह्या दादाले सांग," ती म्हणाली, "वहीतलं समदं खोटं हाय."

"दादा, काकी म्हन्ते वहीतलं समदं खोटं हाय."

नेमसिंग सरळ बसला. "विचार तिले, समदं म्हन्जे?"

"तेवीसच्या तेवीस सभा."

"काकी म्हन्ते, तेवीसच्या तेवीस."

"चहा बी?"

"चहा बी."

डोंगरसिंगानं कपाळाला हात लावला. नोकरी गेल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला असावा.

"अन् सांग," बबिताचा आवाज बारीक झाला, "काकीले पयल्या दिवसापासून माहीत होतं. याच घरात तं राह्यते काकी. आवाज येई. काकी भेली."

अंजूनं हे लगेच सांगितलं नाही. तिनं मान वळवून काकीच्या पदराकडं पाहिलं, जणू निरोप नीट पोचला की नाही हे आधी स्वतःपुरतं तपासून घेत होती. मग वळून म्हणाली, "काकीले माहीत होतं. काकी भेली."



"झाला निरोप, बाई. जाय आता," रुपीबाई हळूच म्हणाली.

"एक राह्यला, दादी."

"कोनाचा?"

"अंजूचा."

मैत्रेयीचा पुढं झालेला हात हवेतच राहिला. अंजूनं हात पुन्हा मागं बांधले. आवाज तोच होता, मीठ कमी आहे म्हणून सांगतानाचा.

"दादा, अंजू म्हन्ते, थे कधीच पडली नाही. पाणी आणाले उशीर झाला तवा वायर. गाय सुटली तवा वायर. याडीले फोन लावला तवा वायर, अन् मोबाईल बी फुटला. गणिताचा पेपर चांगला गेलता, थे सांगाले आली तवा बापू झोपला होता, म्हणून वायर. एवढं अंजूले समजते. पण परवा काहीच झालं नोतं. परवा अंजू नुसती बसली होती. अंजू विचारून राह्यली, परवा कायले?"

ती थांबली. उत्तर घेऊन परत द्यायचं असतं, म्हणून वाट पाहत उभी राहिली.

विहीर खोदताना शेवटच्या सुरुंगानंतर खडकातून पाण्याचा पहिला झरा फुटतो, तेव्हा काठावरची सगळी माणसं खाली वाकून बघतात आणि कोणाच्याही तोंडून शब्द निघत नाही. बबितानं ते लहानपणी एकदा पाहिलं होतं. तसं काहीतरी त्या ओसरीत झालं. सहा वर्षं ही पोर सगळ्यांचं बोलणं सगळ्यांकडं पोचवत होती, आणि तिचं स्वतःचं काही असेल, हे घरातल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं. बबितानं पदर मागं सारला. हे असं पदराआडून बघण्यासारखं नव्हतं.

श्रावणला मात्र आवाज फुटला. "शिकवलेली हाय पोट्टी! अन् मी एकटाच हाणतो का? माह्या बापूनं मले तुतारीनं हाणलं, बैल हाकाच्या टोकदार काठीनं. पाठ दाखवू का, सायबीण? रगत निघे. हाणलं म्हणून मी काय बिघडलो का?"

"बिघडला," रुपीबाई म्हणाली.

 ती बसल्या जागेवरून उठली नाही, आवाजही चढवला नाही तिनं.

"बिघडला तू. मी पाह्यलं ना. तुह्या पाठीवर तुतारी पडे अन् मी चुलीपाशी भाकर थापो. पुष्पाले वायर पडे, मी भाकर थापो. हिले पडे, तरी थापो. इतक्या वर्सात एक भाकर करपली नाही माही." तिनं स्वतःच्या तळहातांकडं पाहिलं. "लिहा सायबीण. बचत गटाची प्रतिनिधी भाकर थापत होती."

मग एक विचित्र गोष्ट घडली. डोंगरसिंग उठला, भिंतीशी गेला आणि खिळ्यावरून वायर ओढली. वायरीबरोबर प्रशस्तिपत्रही आलं, जमिनीवर आपटलं, काच फुटली. त्यानं 'आदर्श' शब्दावर पाय पडू नये म्हणून लांब ढांग टाकली आणि वायर मैत्रेयीच्या समोर ठेवली.

"डोंग्या!" श्रावण ओरडला. "तू बी?"

"भिया," डोंगरसिंग भावाला म्हणाला, "लहानपणी तू मार खाये तवा मी बाजेखाली लपो. तुह्यावर भागलं म्हणून माह्यावर आली नाही. मी आजवर बाजेखालीच हाव." आणि तो खाली न बसता अंजूच्या मागं जाऊन उभा राहिला.

श्रावण उंबरठ्यावर बसला. परवा कायले, याचं उत्तर शोधत असावा. त्याच्या चेहऱ्यावरून तरी ते सापडत नव्हतं.

आता सगळे नायकाकडं बघत होते. नसाबीत तो नेहमी शेवटी बोलत असे. नेमसिंगानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"अंजू, तुह्या काकीले सांग…" त्यानं सुरुवात केली आणि तो थांबला.  "नको. तू बस. लई वाह्यलं तू." मग त्यानं मान वळवली. "बबिता."

नऊ वर्षांत त्यानं ते नाव उच्चारलं नव्हतं. त्याला ते माहीत आहे, याचंच तिला नवल वाटलं.

"लिही. सभा चोविसावी. अध्यक्षाच्या घरात अध्यक्षाच्या नातीले मारलं. अध्यक्ष बाजेवर बसून होता. मारणाऱ्याले मारणं अध्यक्षानंच शिकवलं." त्यानं श्वास घेतला. "परवा कायले, याचं उत्तर अध्यक्षाजवळ नाही. चहा झाला नाही. लिहिलं?"

"हो, मामंजी," बबिता म्हणाली. तिनं वही त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं सही केली. एकेक अक्षर कोरत, नेमसिंगमधला अनुस्वारसुद्धा दोनदा टेकवून.

पुढचं मैत्रेयीनं सांगितलं. आधी सरकारी दवाखान्यात तपासणी. चोवीस तासांच्या आत पोरीला यवतमाळला बाल कल्याण समितीपुढं न्यायचं. ती कुठं राहील ते समिती ठरवेल. आईला पुसदहून बोलावून घेतलं जाईल. पोलिसात गुन्हा नोंदवला जाईल.

"अन् नसाब?" नेमसिंगानं विचारलं.

"बसवा, काका. पण याच्या बदल्यात नाही."

"बोकड?"

"त्याला सोडा."

वहीबद्दल पर्यवेक्षिकेला लेखी उत्तर द्यावं लागेल, असंही ती बबिताला म्हणाली, आणि काय होईल ते आपल्याला सांगता येत नाही. "हो जी," बबिता म्हणाली. नोकरीची भीती होती तिथंच होती. पण तिच्यासोबत चालता येत होतं.

जीपमध्ये बसायच्या आधी अंजूनं मैत्रेयीला विचारलं, "तिथं बी सांगाव लागते का?"

"विचारतील. पण तुला वाटेल तेवढंच सांग. आणि तुझ्या बाजूनं कोणाला बसवायचं ते तू ठरव."

"काकी," अंजू म्हणाली. "अन् याडी आली की मंग याडी."

श्रावण उंबरठ्यावरून उठला, दोन पावलं आला. डोंगरसिंग मध्ये उभा राहिला. श्रावणनं तोंड उघडलं, पण त्याचं म्हणणं घेऊन जायला आता कोणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला, आणि जीप निघाली.

गाडीचा चालक कंत्राटी होता आणि घाईत होता. तांड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत त्यानं गाडी अशी फेकली की बबिताचं डोकं तीनदा टपाला लागलं. उमरखेडच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, उमरखेड मागं पडलं. महागावच्या अलीकडं त्यानं एकाएकी भुवया आवळल्या, मान तिरकी केली आणि कान लावून ऐकू लागला.

"मॅडम, इंजिनातून आवाज येऊन राह्यला. घरघर."

मैत्रेयीनं ऐकलं. आवाज येत होता खरा. तिनं मागं वळून पाहिलं.

अंजू झोपली होती. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, एक पाय काकीच्या मांडीवर, एक सीटखाली, दोन्ही हात दोन दिशांना फेकलेले. अंग चोरून निजणारी ही पोर एवढी जागा व्यापू शकते, हे बबिताला माहीत नव्हतं. आणि ती घोरत होती, नेमसिंग नायकासारखी, जीपच्या पत्र्याला कंप सुटेल अशी.

"इंजिन नाही," बबिता म्हणाली. "पोरगी हाय."

चालकानं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं, रस्ता सोडून पाहिलं. मग त्यानं गिअर बदलला, पुढच्या खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवली, आणि एकेक चाक हातानं उचलून ठेवावं तसं पलीकडं नेलं.

मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांना पुढं जायची खूण केली.